ते मी नाही, मशीनने लिहिलं

काटेसाहेबांचं आडनाव काटे नाही. खरं आडनाव इमारतीच्या खालच्या पाटीवर लिहिलेलं आहे, पण ते आता घरच्यांनाही पटकन आठवत नाही. वजनमापं खात्यात त्यांची उभी हयात गेली. तराजूचा काटा थरथरायचा थांबेपर्यंत हा माणूस श्वास रोखून उभा राहायचा, म्हणून दुकानदारांनी हे नाव ठेवलं. ठेवलं होतं टिंगल म्हणून. साहेबांनी ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं आणि निवृत्त झाल्यावर नव्या इमारतीत राहायला येताना सामानाबरोबर घेऊन आले.

आता एवढ्या नेमक्या माणसाच्या हातून एवढा घोळ झाला कसा, असं तुम्ही विचाराल. अहो, मोठा घोळ घालायलासुद्धा चिकाटी लागते, आणि ती साहेबांकडे नको तितकी होती.

आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर द्यायचं, हा साहेबांचा बाणा. नोकरीत असताना त्यांच्या टेबलावर शिळं पत्र कोणी पाहिलं नाही. इमारतीच्या लोकांना हा गुण कळायला वेळ लागला नाही आणि त्यांनी साहेबांना बिनविरोध सेक्रेटरी करून टाकलं. बिनविरोध म्हणजे काय, तर दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. साहेबांनी मात्र हा जनतेचा कौल मानला.

आणि मग सुरू झाले मेसेज. पूर्वी माणसाला तक्रार करायची तर कागद शोधावा लागे, पेन शोधावं लागे, तोवर निम्मा राग निघून जाई. आता फोन हातातच असतो. नळाला गढूळ पाणी येतंय. लिफ्टमध्ये कोणीतरी शिंकून गेलंय. माझ्या खिडकीत रोज एकच कबुतर येऊन बसतं, तरी सेक्रेटरींनी जातीने लक्ष घालावं. साहेब प्रत्येकाला उत्तर लिहायचे, उजव्या हाताच्या एका बोटाने, अक्षर शोधत शोधत.

"अहो, जेवायला या. कबुतराला काय एवढं लिहिताय?" वहिनी स्वयंपाकघरातून ओरडायच्या.

"कबुतराला नाही, तक्रारदाराला लिहितोय."

"न लिहिल्याने काय बिघडणार आहे?"

"उत्तर न देणं हा माणसाचा अपमान आहे," साहेब म्हणायचे आणि पुन्हा अक्षर शोधायला लागायचे.

शेवटी बोट सुजलं. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर मुद्दाम वर येऊन बघून गेले. म्हणाले, "बोटातलं मला फारसं कळत नाही. दात असता तर काढून टाकला असता."

सून कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. सासऱ्यांचं सुजलेलं बोट बघून तिला दया आली आणि ती बोलून गेली, "बाबा, आमच्या ऑफिसात आता निम्मी पत्रं कॉम्प्युटरच लिहितो. तुमची जुनी पत्रं त्याला दाखवायची, की तो तुमच्यासारखं लिहायला लागतो."

"माझ्यासारखं?" साहेबांना हसू आलं. माझ्यासारखं लिहायला जन्म घ्यावा लागतो, असं त्यांना म्हणायचं होतं. पण बोट ठणकत होतं.

रविवारी सुनेने सगळं जुळवून दिलं. मेसेज आला की मशीन उत्तर तयार करणार, साहेबांनी ते वाचायचं, पसंत पडलं तर बटण दाबायचं. तिने हे बजावून सांगितलं. "वाचल्याशिवाय पाठवायचं नाही हं बाबा. उत्तराखाली तुमचं नाव जाणार आहे." साहेबांनी मान डोलावली. सही करण्यापूर्वी वाचावं, हे मला शिकवतेस होय, असा त्या डोलावण्याचा अर्थ होता.

आता त्याला जुनी पत्रं दाखवायची होती, आणि इथे साहेबांनी ती गोष्ट केली जी त्यांच्याशिवाय कोणी केली नसती. खात्यातली पत्रं त्यांच्याकडे ढिगाने होती: आपला अर्ज मिळाला, सोबत जोडपत्रं नाहीत, कळावे. पण ती रूक्ष पत्रं मशीनच्या हाती द्यायला त्यांचं मन होईना. मशीन झालं म्हणून काय, आपल्याबद्दल त्याचंही मत चांगलंच व्हायला हवं! म्हणून त्यांनी आयुष्यभरातली निवडक पत्रं बाहेर काढली. सहकाऱ्याची बायको गेली तेव्हा लिहिलेलं सांत्वनाचं पत्र. आजारी शिपायाची बदली थांबावी म्हणून वरिष्ठांना लिहिलेलं पत्र, ज्याच्यामुळे स्वतः साहेबांची बढती अडकली होती. लेकीच्या लग्नानंतर तिला लिहिलेलं पत्र, जे वाचून जावयानेही डोळे पुसले होते. हे सगळं त्या मशीनने बकाबका खाल्लं. म्हणजे त्याला भेटले ते रोजचे काटेसाहेब नव्हतेच. वर्षातून एखाद्या दिवशी माणूस जसा असतो, तसे ते होते.

पहिले काही दिवस साहेब वाचून बटण दाबत होते. उत्तरं अशी बिनचूक, अशी गोड, की बदलायला जागाच नाही. मग त्यांना वाटलं, आपण वाचतोय कशाला? आपलंच लिहिणं आपणच तपासायचं? त्यांनी चष्मा लावून सेटिंग शोधलं आणि मशीनला परस्पर उत्तरं पाठवायची मोकळीक देऊन टाकली. सुनेला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात!

झालं. चौथ्या मजल्यावर एक प्राध्यापक बाई एकट्या राहतात. त्यांनी कळवलं की पाणी दोन तास नव्हतं आणि त्यात घरातल्या काचेच्या टाकीतला मासा मेला. मशीनने पाण्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि माशाबद्दल लिहिलं, "सोबतीला लहानमोठं नसतं. आपलं घर आज किती शांत वाटत असेल, याची मला कल्पना आहे." बाई रडल्या. रडून झाल्यावर वर आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, माझ्या सख्ख्या भावाला हे सुचलं नाही." साहेबांना कुठला मासा, कसला मासा, काही पत्ता नव्हता. पण समोर बाई डोळे पुसत उभ्या. त्यांनी गंभीर चेहरा करून हात जोडले.

"कोणाचं काय गेलं?" बाई गेल्यावर वहिनींनी विचारलं.

"चौकशी करतो," साहेब म्हणाले.

त्यानंतर गाडं घसरतच गेलं. मशीनने दातांच्या डॉक्टरांना लिहिलं, "माझं दार आपल्यासाठी सदैव उघडं आहे." डॉक्टर हे वाक्य शब्दशः घेणाऱ्यांपैकी निघाले. ते रोज सकाळी पेपर वाचायला येऊन बसू लागले, तेही साहेबांच्या खुर्चीत. कबुतरवाल्यांना मशीनने कळवलं की सेक्रेटरी स्वतः गच्चीवर जाऊन बंदोबस्त करतील. साहेब गेले! डोक्याला टॉवेल गुंडाळून भर उन्हात टाळ्या वाजवत फिरले. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्यांत गर्दी केली आणि कबुतरं जागची हलली नाहीत.

"कशाला गेलात? सांगायचं ना, ते मशीनने लिहिलंय म्हणून," वहिनी म्हणाल्या.

"खाली नाव माझं आहे," साहेब टॉवेल सोडत म्हणाले. पण कबुतरापुरता असा ताठा परवडतो. पुढचं प्रकरण तसं नव्हतं.

त्याआधी वकिलांचं सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्टीवर अन्याय होईल. दुसऱ्या मजल्यावरचे वकील आणि साहेब यांच्यात गाडी लावायच्या जागेवरून कधीचं धुमसत होतं. अचानक दोघांत अतिशय सभ्य पत्रव्यवहार सुरू झाला. "जागा आपणच घ्यावी." "छे, आपला मान मोठा." "आपल्या मनाच्या मोठेपणापुढे शब्द अपुरे आहेत." असं दिवसभर चालायचं. प्रत्यक्षात दोघे लिफ्टमध्ये भेटले की एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे, कारण या मैत्रीची दोघांनाही खबर नव्हती. वकिलांनीही तसलंच मशीन लावलं होतं. शेवटी दोन्ही मशीननी ठरवलं की दोघांनीही जागा दुसऱ्यासाठी मोकळी ठेवावी. तसं इमारतीच्या ग्रुपवर जाहीरही झालं. तेव्हापासून तिथे कुठल्यातरी अनोळखी माणसाचा टेम्पो उभा असतो.

आता फाटकाचं. इमारतीच्या फाटकावर एक वॉचमन होता. सगळे त्याला मामा म्हणत. मामा माणूस म्हणून लाखात एक, पण वॉचमन म्हणून काही विचारू नका. दुपारी तो खुर्चीत असा गाढ झोपायचा की येणारा-जाणारा पाय न वाजवता जायचा, उगाच झोपमोड नको म्हणून. साहेबांना हे सहन होत नसे. त्यांनीच पुढाकार घेऊन कॅमेऱ्याच्या फाटकाची योजना आणली होती: कॉम्प्युटर चेहरा ओळखणार, फाटक आपोआप उघडणार. समितीने ती टाळ्या वाजवून मंजूर केली. कॅमेरा आला की मामाची गरज नाही, हे सगळ्यांना कळत होतं, पण ते मामाला सांगायचं कोणी? सेक्रेटरींनी. साहेब रोज खाली जायचे, मामाच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायचे आणि वर यायचे.

एके सकाळी साहेब पिशवी घेऊन निघाले, तर मामा चक्क उभा. टोपी डोक्यावर, गुंड्या लावलेल्या. त्याने खाडकन सलाम ठोकला. त्याला उभा बघून साहेबच दचकले.

"उपकार झाले साहेब," मामा म्हणाला. "लोक काय वाट्टेल ते बोलत होते. मी म्हटलं, साहेबांनाच विचारतो. तुम्ही लगेच कळवलंत."

त्याने फोन पुढे केला. मामाने विचारलं होतं, "साहेब मला काढणार असं ऐकलं खरं का." खाली उत्तर होतं: "मामा, मी या इमारतीत आहे तोवर फाटकावर तुम्हीच असाल. हा माझा शब्द आहे." आणि त्याखाली साहेबांचं नाव. पाटीवरचं, खरं.

पिशवी तशीच घेऊन साहेब घरी परत आले आणि पहिल्यांदा त्यांनी ते मशीन बंद केलं. सून म्हणाली, "बाबा, मी सांगितलं होतं, वाचून पाठवा," आणि साहेबांचं तोंड बघून पुढचं गिळलं. जरा वेळाने हळूच म्हणाली, "मी जाऊन मामांना समजावू का? सेटिंग चुकलं होतं म्हणून?"

तासाभरात ही बातमी इमारतभर झाली आणि सल्ले घेऊन माणसं वर यायला लागली. डॉक्टर तर साहेबांच्या खुर्चीत आधीपासून होतेच. म्हणाले, "सरळ सांगा, बिघाड झाला. हल्ली बिघाड झाला म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही." वकील कितीतरी दिवसांनी पायरी चढून आले. म्हणाले, "यात तुमची जबाबदारी शून्य. सही नाही, हेतू नाही, माहितीही नाही. कुठल्याही कोर्टात उभा राहतो मी."

"कोर्टात तुम्ही उभे राहाल हो," साहेब म्हणाले, "पण फाटकातून रोज मला जायचंय."

तरी पण मन डळमळलंच होतं, ते कशाला लपवायचं? ठराव झालेला, फाटक आठवड्यावर आलेलं. निदान काम लांबवावं, म्हणून त्यांनी फाटकाच्या कंपनीला फोन लावला. तिथे एका गोड आवाजाच्या बाईने त्यांना एक दाबायला सांगितलं, मग चार दाबायला सांगितलं, मग त्यांचा फोन कंपनीसाठी किती महत्त्वाचा आहे ते इतक्यांदा सांगितलं की साहेबांना खरं वाटायला लागलं. नंतर कळलं, ती बाई बाई नव्हतीच, तेही मशीनच होतं. बऱ्याच वेळाने एक जिवंत माणूस आला.

"काम सुरू होईपर्यंत केव्हाही पुढे ढकलता येईल, असं तुमचं लेखी आहे माझ्याकडे," साहेब म्हणाले.

"हो सर, पण ते आमच्या सिस्टीमकडून गेलंय. आपोआप जातं ते. कंपनीने तसं काही म्हटलेलं नाही."

"खाली कंपनीचं नाव आहे."

"नाव येतंच सर. पण ते आम्ही नाही लिहिलेलं, मशीनने लिहिलंय."

साहेबांच्या टाळूला आग लागली. "अहो, काय बोलताय तुम्ही? नाव तुमचं, शिक्का तुमचा, आणि पत्र तुमचं नाही? लाज वाटत नाही? उद्या कोणी त्या शब्दावर विसंबून..." आणि एवढं बोलून ते एकदम थांबले. फोन कानालाच होता. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो सर" करत राहिला. साहेबांनी फोन ठेवला.

वहिनींनी येऊन विचारलं, "काय झालं? बोलला का कोणी काही?"

"मीच बोललो," साहेब म्हणाले. "आणि मलाच ऐकू आलं."

रविवारी सकाळी तळमजल्यावर सभा भरली. खुर्च्या कमी पडल्या, कारण साहेबांची फजिती बघायला एरवी कधी न येणारेही आले होते. वकिलांनी मोठ्या मनाने सुरुवात केली. "सेक्रेटरींच्या मशीनने चुकून एक मेसेज पाठवला आहे. तो त्यांचा नाही, एवढं त्यांनी म्हणावं आणि विषय संपवावा."

साहेब उठले. पांढरा शर्ट, इस्त्री कडक. "तो मेसेज माझा आहे," ते म्हणाले.

सभेत कुजबूज झाली. डॉक्टरांनी मागून "बिघाड, बिघाड" असं हळूच सुचवून पाहिलं.

"बिघाड नाही," साहेब म्हणाले. "मंडळी, मी जन्मभर दुकानं तपासली. वजन कमी भरलं की प्रत्येक दुकानदार एकच सांगायचा: साहेब, मी नाही हो, तराजू खोटा आहे. मी विचारायचो, दुकान कोणाचं? तराजू कोणी टांगला? गिऱ्हाईक तराजूच्या तोंडाकडे बघून येतं की तुझ्या? एकालाही मी सोडलं नाही. आज तराजू माझा आहे. मी टांगला, मी न बघता चालू ठेवला. आता मीच म्हणू, की तराजू खोटा?"

साहेबांची मान ताठ होती.

"आणि फाटक?" वकिलांनी विचारलं. "तुमचीच योजना ना ती?"

"माझीच. ती मी मागे घेतो. मामा झोपतात, हेही मला मान्य आहे. त्यांची झोप यापुढे माझ्या जबाबदारीवर. पण त्यांना दिलेला शब्द मोडायचा असेल, तर आधी मला या पदावरून काढा. कारण शब्द मामांना सेक्रेटरीने दिलाय, मशीनने नाही. मामा मशीनला ओळखत नाहीत."

मामांना ठेवायचं म्हणून आधी प्राध्यापक बाईंचा हात वर गेला. त्या नुसत्या हात वर करून थांबल्या नाहीत, उठून उभ्याच राहिल्या. त्यांच्या मागे डॉक्टर उठले, आणि मग इकडून तिकडून हात वर यायला लागले. वकील सगळ्यांत शेवटी. "कायद्याने तुमचं चूक आहे," ते हात वर करत म्हणाले, "पण माझा नाइलाज आहे." मागच्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. नवऱ्याच्या भाषणाला आयुष्यात कधी टाळी न वाजवलेली ती बाई पदराने डोळे टिपत होती, आणि शेजारणीला सांगत होती की चष्म्याचा नंबर वाढलाय.

सभा संपली. साहेब निघाले ते तडक फाटकाकडे. ही बातमी आपल्या तोंडाने सांगायची, असं त्यांनी ठरवलं होतं. छाती अशी पुढे आली होती, की शर्टाच्या गुंड्यांवर ताण पडावा. मनात वाक्यंही जुळवली होती, आणि या खेपेला ती मशीनची नव्हती.

फाटकावर मामा खुर्चीत झोपला होता. टोपी डोळ्यांवर, हात पोटावर. आत त्याच्या नशिबाचा फैसला होत होता आणि हा गृहस्थ घोरत होता!

"मामा," साहेबांनी हाक मारली. मग जरा मोठ्याने, "मामा!"

मामा धडपडत उठला.

"मामा, तुमची नोकरी राहिली. आत्ताच सभेत ठरलं."

मामा डोळे चोळत त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला नीट उमजलेलं दिसत नव्हतं. "कसली सभा साहेब?"

"अहो, तुमचीच! तुम्हाला ठेवायचं की नाही, याची. सकाळपासून चालली होती. तुम्हाला काळजी नाही वाटली?"

"नाही बा," मामा म्हणाला. "ते तर तुम्ही कळवलं होतं ना. तुम्ही शब्द दिलात, त्याच दिवशी मी घरी सांगून टाकलं. त्यानंतर काळजी कसली करायची?"

साहेबांची जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला, उगाच टोपी सरळ केल्यासारखं केलं आणि वळले. लिफ्ट उभी होती, तरी ते जिन्यानेच वर गेले.

वहिनी दारातच होत्या. "सांगितलंत मामांना? काय म्हणाले?"

साहेबांनी चपला काढल्या. नीट जोडून ठेवल्या.

"म्हणाले, त्यांना ते आधीच माहीत होतं. मी कळवलं होतं म्हणे."

गच्चीच्या प्रकरणापासून "मशीनने लिहिलंय म्हणून सांगा" असा धोशा लावणाऱ्या वहिनी दारातून बाजूला झाल्या.

"मग खरंच आहे ते," त्या म्हणाल्या. "तुम्हीच कळवलं होतं."